एकोणतिसावी चिठ्ठी

शुक्रवारी दुपारी पावणेचार वाजता सातवीच्या बाई शाळेच्या मागच्या अंगणात अठ्ठावीस मुलांची पापं जाळायला निघाल्या होत्या. पापं बुटांच्या खोक्यात होती. बरोबर काडेपेटी घेऊन शिपाईकाका होते, कारण शाळेत काहीही पेटवायचं तर शिपाईकाकांच्या देखत, असा मोठ्या सिस्टरांचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, नियम होता.

पापांचं असं झालं होतं, की सातवीची मुलं यंदा दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचं पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या, तयारीला लागली होती, आणि चर्चच्या फादरांनी बाईंना बजावलं होतं, "पोरं पापनिवेदनाला येतात आणि 'मी खोटं बोललो' एवढं एकच पाप पाठ करून येतात. ऐकून ऐकून मला झोप येते. त्यांना जरा आत डोकावायला शिकवा." म्हणून बाईंनी निळ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. नाव घालायचं नाही, मनाला टोचत असेल ते लिहायचं, चार घड्या घालून खोक्यात टाकायचं, आणि शुक्रवारी सगळं न वाचता जाळायचं. वर्गाने अट एकच घातली. "बाई, तुम्हीपण लिहा! आणि आधी तुम्ही टाका!"

बाईंनी लिहिलं. 'मुलांवर उगाच ओरडते' एवढं लिहून मोकळं व्हायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण जाळायचीच आहे म्हटल्यावर पेन जे सुटलं ते थांबेचना.

"बाई, पेटवू?" शिपाईकाकांनी काडी ओढली.

तेवढ्यात वारा आला, वरची एक चिठ्ठी उडाली आणि बाईंच्या चपलेपाशी उलगडून पडली. बाईंनी न बघता उचलायला हात घातला, पण डोळे काही हाताचं ऐकत नाहीत. चिठ्ठीवर छापलेलं होतं, 'साप्ताहिक पत्रक वाचले. पालकांची सही.' आणि पुढे टिंबं टिंबं.

"थांबा!" बाई किंचाळल्या.

"का? काय झालं?"

"ही पापं नाहीत."

"मग काय आहे?"

"कोरी आहेत."

"कोरी पापं?" शिपाईकाकांनी जळती काडी बोटाला चटका बसेपर्यंत तशीच धरून ठेवली.

बाईंनी खोकं जमिनीवर पालथं केलं. सगळ्याच कोऱ्या सह्या. दर शुक्रवारी सातवीच्या पालकांना एक पत्रक जायचं. आठवड्यात काय शिकवलं, पुढच्या आठवड्यात काय आणायचं, कधी सुट्टी, कधी परीक्षा. पत्रकाच्या कोपऱ्यात सहीची चिठ्ठी घडी घालून टाचलेली असायची. त्या चिठ्ठ्याही बाईंनी ह्याच निळ्या कागदाच्या कापल्या होत्या, ह्याच आकाराच्या, आणि ठेवल्या होत्या दुसऱ्या बुटांच्या खोक्यात. दुपारी शेवटच्या तासाआधी एका हाताने गृहपाठ तपासत दुसऱ्या हाताने बाईंनी एकोणतीस पत्रकांना एकोणतीस चिठ्ठ्या खटाखट टाचल्या होत्या. अठ्ठावीस मुलांच्या दप्तरात, एक कचेरीच्या ट्रेमध्ये.

म्हणजे चुकीच्या खोक्यातल्या.

अठ्ठावीस घरांत अठ्ठावीस पापं पोचली होती, कुणाचं कुणाकडे ते देवच जाणे, आणि त्यांतच कुठेतरी बाईंची स्वतःची चिठ्ठी होती. नाव नव्हतं, पण बाईंचं ते गोलगोल अक्षर सातवीतलं पोर अंधारात ओळखेल. बाईंना चिठ्ठीचा शब्द न् शब्द आठवत होता. 'सकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटून मी भाजीची यादी करते. निबंधांचा पहिला आणि शेवटचा परिच्छेदच वाचते. मोठ्या सिस्टरांच्या बुटांचा आवाज आला की फळ्यावर वाटेल ते लिहायला लागते. दोन वर्षं मी साप्ताहिक पत्रक नव्याने लिहिलेलंच नाही. जुनंच काढते, तारीख बदलते. कुणी वाचत नाही. मोठ्या सिस्टरसुद्धा न वाचताच सही करतात.'

ह्यातलं शेवटचं तर पुराव्यासकट खरं होतं. पत्रकात दर आठवड्याला एक ओळ असायची, 'बुधवारी पोहण्याचा तास आहे, टॉवेल पाठवावा.' शाळेचा पोहण्याचा तलाव बुजवून त्याच्यावर गाड्या लावायला जागा केली त्याला दोन वर्षं उलटली होती. एका पालकाने विचारलं नव्हतं, की बाई, पोरं पोहतात कुठे? गाड्यांवर? फक्त तिसऱ्या बाकावरची घारी मुलगी दर बुधवारी पिशवीत टॉवेल घेऊन यायची आणि घंटा व्हायच्या आधी नळाखाली तो भिजवत बसायची. असेल काहीतरी खूळ म्हणून बाईंनी तिला कधी विचारलं नव्हतं.

आता बाईंची भीती नीट समजून घ्या. त्या तीन वर्षं हंगामी होत्या. महिनाअखेर मोठ्या सिस्टर त्यांच्या कायम नेमणुकीच्या पत्रावर सही करणार होत्या किंवा नव्हत्या. आणि मोठ्या सिस्टर म्हणजे काय, तर ज्यांच्या बुटांचा टकटक आवाज जिन्यात आला की शाळेचं मांजरदेखील ताठ बसायचं.

घरी आल्या आल्या बाई खुर्चीत कोसळल्या. नवरा विमा कचेरीत होता आणि जगातल्या सगळ्या संकटांची टक्केवारी काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदाच होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एकोणतीस कागद. त्यातल्या एकावर तुझी चिठ्ठी. पत्रक वाचतो कोण? तूच म्हणतेस, कुणी नाही. म्हणजे धोका जवळपास शून्य. सोमवारी पोरांकडून गुपचूप गोळा कर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि कुणी वाचलं तर?"

"दोन वर्षांत कुणी वाचलं?"

"नाही."

"मग चहा घे."

नवरा बोलला ते अगदी बरोबर होतं. बाईंनी ते ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भ्यालेल्या माणसाला गप्प बसवत नाही. नवरा चहा ठेवायला आत गेला, तेवढ्यात बाईंनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'तातडीचे! आजच्या पत्रकाला चुकून वेगळी निळी चिठ्ठी जोडली गेली आहे. कृपया ती उघडू नये, वाचू नये. रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात मला परत द्यावी.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या पालकांनी वर्षभर ते पत्रक न वाचताच सही केली होती, त्यांनी पाच मिनिटांत दप्तरं पालथी घातली. नवरा कप घेऊन बाहेर आला तेव्हा मेसेजखाली निळ्या खुणांची रांग लागली होती.

"हे काय केलंस तू!" नवऱ्याने कप टेबलावर आदळला. "आता धोका शंभर टक्के."

पहिला फोन सहा वाजता वाजला. बाईंनी तो असा उचलला, की जणू पलीकडून फाशीची तारीखच सांगणार आहेत.

"बाई, मी बेकरीवाली बोलतेय. चिठ्ठी वाचली नाही बरं का मी. पण त्यात लिहिलंय, 'मी आजोबांची कवळी लपवली.' बाई, आमच्या घरी आजोबाच नाहीत हो! ह्याने लपवली तरी कुणाची? तासभर विचारतेय, पोरगा नुसता रडतोय!"

"अहो, ती तुमच्या मुलाची नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. त्याला जवळ घ्या."

"म्हणजे ह्याने लपवली नाही?"

"नाही."

"मग ह्याने काय केलंय?" आवाज एकदम बारीक झाला. "ती चिठ्ठी कुणाकडे गेलीय?"

हे बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक घरात आता दोन भुतं शिरली होती. हातातल्या चिठ्ठीचं एक, आणि आपल्या पोराची चिठ्ठी कुणाच्या हातात पडली असेल त्याचं दुसरं.

दुसरा फोन औषधांच्या दुकानदाराचा आला. "आमच्या चिठ्ठीत आहे, 'बाबांच्या गाडीवर ओरखडा मी पाडला आणि सांगितलं नाही.'"

"ती तुमच्या मुलीची नाही हो."

"ते कळलं मला. पण बॅटरी घेऊन गाडी बघितली, तर मागच्या दारावर हातभर ओरखडा निघाला!"

"मग?"

"मग काय! बायकोनं कबूल केलं. बाई, आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, आज पहिल्यांदा ती 'चुकले' म्हणाली. ही चिठ्ठी मला ठेवून घेता येईल का?"

तिसरा फोन चर्चच्या गायकवृंदातल्या एका बापाचा. तो कुजबुजतच बोलत होता. "बाई, 'मी गाण्यात नुसतं तोंड हलवतो' हे तुम्हाला कसं कळलं? मी वरचा सूर सोडून वर्ष झालं. फादरांना सांगू नका. मी स्वतः सांगतो."

"अहो, ते कुठल्यातरी मुलाने लिहिलंय!"

"माझ्यावर पांघरूण घालताय, कळतंय मला. उपकार आहेत तुमचे." आणि त्याने फोन ठेवला.

शनिवारभर फोन वाजत राहिला. नवऱ्याने फ्रिजवर कागद चिकटवून खुणा करायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत सतरा चिठ्ठ्यांचा पत्ता लागला. सतरा घरांत बाईंची चिठ्ठी नव्हती. उरली अकरा.

"बारातली एक," नवरा म्हणाला. "कचेरीची धरून."

पण बाईंच्या कानात नुसती टकटक चालली होती. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी दुधात मीठ घातलं आणि नवऱ्याने भीतीपोटी ते पिऊन टाकलं.

रविवारी चर्च कधी नव्हे इतकं भरलं. फादर जिच्यात बसून पापं ऐकतात त्या पेटीसमोरची रांग थेट दाराबाहेर गेली होती, आणि रांगेत मुलांपेक्षा पालक जास्त. औषधवाल्याची बायको होती, गायक बाप होता, आपण चिठ्ठी वाचलीच नाही असं म्हणणारी बेकरीवालीही होती. फादर घामाघूम होऊन पेटीतून बाहेर आले आणि बाईंचा हात धरून म्हणाले, "कमाल केलीत! एकसुद्धा पाप दुसऱ्यांदा ऐकलं नाही मी आज!" बाईंना मात्र एवढंच दिसत होतं, की पहिल्या बाकावर मोठ्या सिस्टर बसल्या आहेत आणि त्या मागे वळून बघत नाहीत. त्या कधीच मागे वळत नसत. पण आज त्यांचं न वळणं वेगळं होतं, असं बाईंना वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मिस्सेनंतर बाई दारात उभ्या राहिल्या. एकेक पालक खाली मान घालून चिठ्ठी हातात ठेवत होता. शेवटी घारीचे आजोबा आले, इस्त्रीचा कोट आणि खिशात भिंग. त्यांची चिठ्ठी अजून टाचणीसकट, चार घड्यांची तशीच होती.

"वाचली नाही मी," आजोबा म्हणाले. "तुम्ही वाचू नका म्हणून लिहिलं होतंत ना. तुमच्या पत्रकातला शब्द न् शब्द आम्ही पाळतो. दर शुक्रवारी दोनदा वाचतो. आमची पोरगी आता पोहते कशी?"

बाईंनी खाली मान घातली. आजोबांना वाटलं, त्या भारावल्या. ते टोपी काढून निघून गेले.

घरी टेबलावर बाईंनी चिठ्ठ्या मोजल्या. बरोबर अठ्ठावीस. स्वतःचं अक्षर शोधायचं म्हणून त्या एकेक उघडून नुसती नजर टाकत होत्या. विसाव्या की एकविसाव्या चिठ्ठीवर ती नजर अडकली.

'शाळेत पोहणं नाही. पण आजोबा भिंग घेऊन पत्रक वाचतात आणि बुधवारी टॉवेल भरून देतात. मी टॉवेल नळाखाली ओला करून घरी नेते. त्यांना वाटतं मी पोहते. खरं सांगितलं तर ते पत्रक वाचायचं सोडतील, मग त्यांना शुक्रवारी काहीच काम उरणार नाही.'

बाईंनी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. मग डोक्यावर हात मारून घेतला. दोन दिवस त्या स्वतःसाठी घाबरत होत्या. आता त्यांना पहिल्यांदाच शरम वाटली, आणि ती भीतीपेक्षा जास्त जड निघाली. कुणीच वाचत नाही म्हणून त्यांनी जे जुनंपानं कागदावर उतरवलं होतं, त्यासाठी एक पोरगी वर्षभर नळाखाली टॉवेल भिजवत होती.

"तुझी सापडली का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग उरली एकच."

वर्गाच्या हट्टापायी त्यांनीच सगळ्यात आधी चिठ्ठी टाकली होती. म्हणजे ती खोक्याच्या तळाला. म्हणजे सगळ्यात शेवटी टाचली गेली. आणि शेवटची प्रत कचेरीची! शुक्रवारी तीन वाजता त्यांनी ती स्वतःच्या हातांनी मोठ्या सिस्टरांच्या ट्रेमध्ये ठेवली होती, वर पेपरवेटसुद्धा ठेवलं होतं. आणि मोठ्या सिस्टर पालकांच्या ग्रुपवर होत्या.

"त्या तर वाचत नाहीत ना?" नवरा म्हणाला.

"मीच सांगितलं ना, वाचू नका म्हणून!" बाई ओरडल्या, आणि रडायलाच लागल्या.

सोमवारी पावणेसातला बाई शाळेत पोचल्या. बेत साधा होता. कचेरी उघडायची, चिठ्ठी काढायची, गिळायची. पण शिपाईकाका फाटकातच म्हणाले, "मोठ्या सिस्टर साडेसहालाच आल्यात. तुम्ही आलात की आत पाठवा म्हणाल्या."

कचेरीच्या काचेच्या टेबलावर तीन वर्षांच्या पत्रकांची फाइल उघडी होती. तिच्यावर चष्मा, चष्म्याशेजारी लाल पेन, आणि पेनाशेजारी चार घड्यांची निळी चिठ्ठी. घड्या पुन्हा घातलेल्या होत्या, पण उलट्या बाजूने.

"बसा."

बाई बसल्या.

"शनिवारी मी हे पत्रक वाचलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मग मागचं वाचलं. मग सगळीच वाचली. आपला तलाव कधी बुजवला?"

"दोन... दोन वर्षं झाली, सिस्टर."

"आणि दर शुक्रवारी पोरांना त्यात पोहायला कोण पाठवतंय? सही कुणाची आहे?"

बाईंना प्रश्न कळला नाही. मग त्यांनी मान वर केली आणि बघतात तर मोठ्या सिस्टर फाइलीतल्या आपल्याच सहीवर बोट ठेवून बसल्या होत्या.

"पुढच्या महिन्यात शाळा तपासायला माणसं यायचीत," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पहिली हीच फाइल मागतात. परवापासून मला झोप नाही."

एकमेकींना घाबरलेल्या दोन बायका समोरासमोर बसल्या होत्या. मग मोठ्या सिस्टरांनी चिठ्ठी दोन बोटांनी बाईंकडे सरकवली. "ही कुणाची ते मला माहीत नाही. पापनिवेदनातलं फादर कुणाला सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. पण प्रायश्चित्त असतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच." त्यांनी खणातून एक कागद काढला. "तुमचं कायम नेमणुकीचं पत्र. खाली सही करा."

कायम! बाईंच्या डोळ्यांपुढून सगळी अक्षरं वाहून गेली. त्यांनी पेन झडप घालून उचललं आणि फर्रकन सही केली.

"वाचलंत?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

बाईंचं पेन हवेतच थांबलं.

पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की यापुढे पाचवी ते आठवी, चारही वर्गांची साप्ताहिक पत्रकं सदर शिक्षिका दर आठवड्याला नव्याने लिहितील, आणि मुख्याध्यापिका ती संपूर्ण वाचूनच सही करतील.

त्या आठवड्यात बाईंनी सातवीचं पत्रक सहा वेळा लिहिलं. गुरुवारी मोठ्या सिस्टरांनी ते लाल पेन घेऊन वाचायला घेतलं, आणि चौथ्या ओळीवर पेन थबकलं.

"'बुधवारचा पोहण्याचा तास या आठवड्यापासून बंद करण्यात येत आहे.' या आठवड्यापासून? बाई, आता पुन्हा खोटं?"

"हो, सिस्टर."

"का?"

"ते मला सांगता येणार नाही." बाईंचा आवाज ठाम होता. "एका चिठ्ठीतलं आहे."

मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. मग पानाच्या शेवटापर्यंत वाचून काढलं आणि लाल पेन खाली ठेवून निळ्या पेनाने सही केली.

शुक्रवारी पत्रकं गेली. आता अठ्ठावीस घरं ती उघडून चिठ्ठी आधी उजेडात धरून बघत. सोमवारी सह्या परत आल्या. घारीने आपली चिठ्ठी बाईंच्या हातात दिली, क्षणभर बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि पळत जागेवर जाऊन बसली. सहीच्या खाली थरथरत्या अक्षरांत दोन ओळी होत्या.

'वाचले. फार वाईट वाटले. पोरगी आत्ता कुठे छान पोहायला लागली होती.'